पॉलिमर हरला म्हणे

कोविडच्या एमआरएनए लसी आल्या आणि आमच्या फील्डमधल्या बऱ्याच जणांनी एका झटक्यात निकाल लावून टाकला, जनुकं पेशीत पोचवायच्या शर्यतीत लिपिड (चरबीच्या जातीचे रेणू) जिंकलं, पॉलिमर हरला, विषय संपला. कॉन्फरन्समध्ये, कँटीनमध्ये, नोकरीच्या इंटरव्ह्यूमध्ये हे इतक्यांदा ऐकलंय की म्हटलं आता यावर लिहूनच टाकावं. कारण माझी स्वतःची गंमत अशी आहे की मी पाषाणला पीएच.डी. केली ती अशा पॉलिमरवर, की ज्यामुळे जनुकं पेशीत न्यायला व्हायरसची गरजच पडू नये. आणि आता हिंजवडीकडच्या एका कंपनीत नोकरी करते, तिथे आम्ही करतो काय, तर जनुकं न्यायला व्हायरस बनवतो. आणि तो व्हायरस बनवायला लागतं काय, तर पॉलिमर! तोही तोच जुना, ज्याला पर्याय शोधण्यात माझी ऐन पंचविशी गेली. सरांना फोनवर हे सांगितलं तर म्हणाले, "चला, म्हणजे थीसिसचा अगदीच काही उपयोग झाला नाही असं नाही." आता हे कौतुक होतं का टोमणा ते पुण्यात विचारायचं नसतं.

आमचे काका जन्मभर भोसरीला इंजेक्शन मोल्डिंगमध्ये होते, त्यामुळे पॉलिमर म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर दाण्यांची पोती आणि बादल्या. त्यांचा प्रश्न सरळ होता, "अगं, पॉलिमर म्हणजे शेवटी प्लॅस्टिकच ना? ते तुम्ही माणसाच्या रक्तात सोडणार? इकडे पेपरात रोज मायक्रोप्लास्टिकची बोंब चाललीय." म्हटलं काका, तुमच्या हर्नियाच्या ऑपरेशनला आत जे विरघळणारे टाके घातले ना तेही पॉलिमरच, काही आठवड्यांत शरीरात त्याचे तुकडे होतात आणि निघून जातात. आणि डीएनए, आरएनए हे स्वतःच पॉलिमर आहेत, लांबच लांब साखळ्या. त्यावर ते म्हणाले, "मग पॉलिमर पॉलिमरमध्येच गुंडाळायचा?" हो, एवढंच. बाकीचा सगळा विषय म्हणजे हे गुंडाळणं आणि पुढे योग्य जागी उलगडणं.

गुंडाळायचं का, तर उघडा आरएनए रक्तात सोडला की काही मिनिटांत त्याचे तुकडे पडतात, ते काम करणारी एन्झाइम्स रक्तात फिरतच असतात. उघडा डीएनए थोडा जास्त टिकतो पण तो पेशीत शिरत नाही, कारण त्याच्यावर फॉस्फेटचा निगेटिव्ह चार्ज आणि पेशीच्या बाहेरच्या बाजूलाही निगेटिव्हच, दोघं एकमेकांना ढकलतात. शिवाय आकार. साधारण 5000 बेसपेअरचा प्लाझ्मिड (डीएनएची गोल कडी) धरला आणि त्याची लांबी मोजली तर पावणेदोन मायक्रोमीटरच्या आसपास भरते, म्हणजे पेशीत शिरायच्या मानाने भलताच लांब दोरा. त्यात पॉझिटिव्ह चार्जवाला पॉलिमर टाकला की दोघं एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि शंभरेक नॅनोमीटरचा कण तयार होतो, वरून थोडा पॉझिटिव्ह, म्हणजे पेशीला जाऊन चिकटणारा. याला काही भारी मशीन लागत नाही. दोन ट्यूब, एक पिपेट, मिसळायचं आणि पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, तेवढ्यात चहा होतो. आगरोज जेलवर रन केलं की दिसतं, मोकळा डीएनए खाली पळतो आणि पॉलिमरने धरलेला तिथेच वेलमध्ये, म्हणजे वरच्या खाचेत, अडकून बसतो. एम.एस्सी.च्या पोरांना ही जेल फार आवडते कारण ती जवळजवळ नेहमी बरोबर येते. पुढचं काही येत नाही.

ही कल्पना नवीन आहे असंही नाही. डायईएई-डेक्स्ट्रान नावाचा पॉझिटिव्ह चार्जवाला डेक्स्ट्रान वापरून 1965 मध्येच पोलिओचा आरएनए पेशीत घालून झाला होता. नंतर 1987 मध्ये वू आणि वू यांनी पॉलिलायसिनला असा प्रोटीन जोडला की जो फक्त यकृताच्या पेशी ओळखतात. आणि मग 1995 ला फ्रान्समधून बेर यांच्या ग्रुपचा पेपर आला पॉलिइथिलीनइमाइनचा, म्हणजे आमचं पीईआय, आणि सगळं फील्डच तिकडे वळलं. पीईआय हे काही औषधासाठी शोधलेलं नाही हो, कागद कारखान्यात ओला कागद फाटू नये म्हणून वापरतात ते. फांद्याफांद्यांचं असेल तर चिकट घट्ट द्रव, सरळ साखळीचं असेल तर पांढरं घन. साखळीतला दर तिसरा अणू नायट्रोजन, त्यामुळे प्रोटॉन धरायची जागा प्रचंड. आणि याच गोष्टीवर पुढची वीस-पंचवीस वर्षं लोक भांडत बसलेत.

भांडण कशावर ते सांगते, कारण माझ्या मते या विषयात खरी मजा इथेच आहे. पेशीला चिकटलेला कण पेशी गिळते, हे अवघड नाही, पेशी बाहेरचं काही ना काही सतत गिळतच असते. पण गिळलेलं थेट आतल्या मुख्य भागात येत नाही, ते एका पडद्याच्या पिशवीत राहतं, तिला एंडोसोम म्हणतात. समजा तुम्ही स्वारगेटला बसमध्ये चढलात, गर्दीतून आत शिरलात, तिकीट पण काढलंत, आणि मग ड्रायव्हर कुठल्याच स्टॉपला दार उघडत नाही आणि गाडी थेट डेपोत नेतो, जिथे गाडी भंगारात तोडतात. तो डेपो म्हणजे लायसोसोम. वाटेत पिशवीतला पीएच हळूहळू उतरत जातो, साडेसहा, साडेपाच, शेवटी पाचच्याही खाली, आणि तिथली एन्झाइम्स उरलंसुरलं सगळं खाऊन टाकतात. म्हणजे औषध पेशीच्या आत पोचलंय, मायक्रोस्कोपखाली आत दिसतंय पण, आणि तरीही काम शून्य. लिपिड नॅनोपार्टिकलचं सुद्धा 2013 मध्ये मोजून झालं तेव्हा एसआयआरएनएच्या (जनुक गप्प करणाऱ्या छोट्या आरएनएच्या) शंभरातले एक-दोनच रेणू या पिशवीतून सुटतात असं निघालं. जिंकलेल्या पार्टीचा हा स्कोअर आहे!

तर पीईआय या पिशवीतून कसं सुटतं? बेर यांचं म्हणणं असं की पिशवीतला पीएच उतरवायला पेशी पंपाने प्रोटॉन आत ढकलते, पीईआयचे नायट्रोजन ते प्रोटॉन पिऊन टाकतात, पीएच उतरत नाही म्हणून पंप अजून ढकलतो, प्रोटॉनबरोबर क्लोराइड आत येतं, त्याच्यामागे पाणी येतं, आणि पिशवी फुगून फुटते. याला प्रोटॉन स्पंज म्हणतात आणि ते इतकं छान चित्र आहे की प्रत्येक थीसिसच्या पहिल्या चॅप्टरमध्ये असतं, माझ्यात पण आहे, रंगीत. पंप बंद करणारं बॅफिलोमायसिन टाकलं तर पीईआयचं काम खूप कमी होतं, हेही त्याच बाजूने जातं. पण मग 2013 मध्ये एका ग्रुपने लायसोसोमचा पीएच प्रत्यक्ष मोजला आणि पीईआय टाकून त्यात काही फरक पडत नाही असं दाखवलं. म्हणजे पंपाचा संबंध असेल, पण चित्रात काढतात तसं नसेल. दुसरा अंदाज असा की पीईआय पडद्याला जाऊन चिकटतं आणि त्याला छोटी छोटी भोकं पाडतं, फुटणंबिटणं काही नाही, नुसती गळती. मला स्वतःला हे दुसरं जास्त पटतं, आणि त्याचं कारण पीईआयचाच दुर्गुण.

दुर्गुण म्हणजे ते पेशी मारतं. दुसऱ्या दिवशी प्लेट बाहेर काढायची, फ्लोरोसन्समध्ये बघायचं, जनुक पोचल्याची खूण म्हणून जीएफपी हे हिरवं प्रोटीन बनवणाऱ्या पेशी छान चमकतायत, आणि मग साध्या लाइटमध्ये बघायचं तर अर्ध्या पेशी गोल होऊन वर तरंगतायत. एमटीटी ही टेस्ट लावा, जिवंत पेशी जांभळा रंग देतात, तर कंट्रोलचे वेल गडद आणि पीईआयचे फिकट. डोस कमी करा, पेशी जगतात पण हिरवं गायब. सगळ्यात चिडवणारी गोष्ट ही की मिश्रणातलं बरंचसं पीईआय डीएनएला चिकटलेलंच नसतं, मोकळं फिरत असतं, आणि ते मोकळं काढून टाकलं तर विषारीपणा कमी होतो आणि ट्रान्सफेक्शनपण, म्हणजे जनुक पेशीत जाणंपण, कमी होतं. म्हणजे जे भोकं पाडतं तेच सोडवतं आणि तेच मारतं. लांब साखळी चांगलं काम करते आणि जास्त मारते, आखूड साखळी मारत नाही आणि काम पण करत नाही. आमच्या लॅबमध्ये याला कोणी नाव दिलं नव्हतं पण सगळ्यांच्या ग्राफचा आकार तोच यायचा.

यावर सगळ्यात शहाणा उपाय माझ्या मते लिन आणि लँगर यांनी 2000 साली काढला, पॉलि बीटा-अमिनो एस्टर. साखळीत मुद्दाम असे एस्टरचे बंध ठेवायचे की पाण्यात ते आपोआप तुटतात, म्हणजे काम होईपर्यंत पॉलिमर आणि काम झालं की छोटे तुकडे. आणि केमिस्ट म्हणून मला जे जास्त आवडतं ते असं की रिअॅक्शन एकदम साधी, एक डायअॅक्रिलेट घ्या, एक अमाइन घ्या, गरम करा, कॅटॅलिस्ट नको, बायप्रॉडक्ट नाही, धुवायला काही नाही. त्यामुळे 2003 मध्ये त्याच ग्रुपने 2350 वेगवेगळे पॉलिमर बनवून एकत्र टेस्ट केले, अर्धवट ऑटोमेशनवर. आमच्याकडे तेव्हा एक पॉलिमर बनवून तो डायलिसिस बॅगमध्ये घालून दोन-तीन दिवस पाणी बदलत बसायचो आणि मग त्याची रचना तपासायला एनएमआर मशीनचा स्लॉट मिळायची वाट बघायची, तिथे 2350 हा आकडा वाचून कसं वाटलं असेल बघा.

मग एवढं सगळं असून माणसात का नाही पोचलं? पोचलं, पण थांबलं. कॅलटेकच्या मार्क डेव्हिस यांचा सायक्लोडेक्स्ट्रिनवाला पॉलिमर मेलानोमाच्या पेशंट्समध्ये दिला गेला आणि 2010 मध्ये नेचरमध्ये आलं की नॅनोकणातून दिलेल्या एसआयआरएनएने माणसाच्या ट्यूमरमध्ये खरंच जनुक गप्प केलं, असं पहिल्यांदाच दिसलं होतं, पण ते औषध बाजारापर्यंत गेलं नाही. अॅरोहेडचं हिपॅटायटिस बीवरचं औषध 2016 ला बंद झालं, माकडांच्या टॉक्सिसिटी स्टडीत मृत्यू झाले म्हणून. तेवढ्यात लिपिडवाल्यांचं पॅटिसिरान हे एसआयआरएनएचं औषध 2018 ला मंजूर झालं, आणि दोन वर्षांत कोविड. लिपिडचा एक मोठा फायदा शास्त्रापेक्षा कागदोपत्री आहे, तो बाहेर कोणी बोलत नाही. लिपिड हा एक ठरलेला रेणू असतो, वजन एकच. पॉलिमर म्हणजे वेगवेगळ्या लांबीच्या साखळ्यांची खिचडी, आपण सांगतो ते सरासरी वजन. आजची बॅच आणि पुढच्या महिन्याची बॅच सरासरीत सारखी आणि आतून वेगळी असू शकते, आणि औषध नियंत्रकाला हे समजावताना क्वालिटीवाल्यांचे केस पांढरे होतात. दुसरा फायदा एमआरएनएचा, त्याला न्यूक्लियसमध्ये जावं लागत नाही, पिशवीतून सुटला की बाहेरच प्रोटीन बनायला लागतं. आम्ही प्लाझ्मिड डीएनए घेऊन बसलो होतो, त्याला न्यूक्लियसचा पडदा पण पार करायचा असतो, आणि ते मुख्यतः पेशी विभागताना पडदा विरघळतो तेव्हाच जमतं. म्हणजे लिपिडच्या वेळेला पेपर पण सोपा आला होता, असं माझं मत. हे वाचून लिपिडवाले मित्र चिडणार आहेत, चिडा.

आता माझ्या सध्याच्या नोकरीकडे येते. एएव्ही नावाचा छोटा व्हायरस असतो, पंचवीसेक नॅनोमीटरचा, त्याची स्वतःची जनुकं काढून आपलं जनुक भरायचं. 2019 ला अमेरिकेत मंजूर झालेलं आणि आपल्याकडे "सोळा कोटींचं इंजेक्शन" म्हणून घराघरात माहिती झालेलं एसएमएचं (लहान मुलांचे स्नायू दुबळे करणाऱ्या आजाराचं) औषध याच जातीचं. हा व्हायरस बनवायची आज सगळ्यात रूढ पद्धत म्हणजे एचईके पेशी, माणसाच्या मूत्रपिंडापासून 1973 च्या सुमारास नेदरलँड्समधल्या लायडनला तयार झालेली सेल लाइन, त्या टाकीत वाढवायच्या आणि त्यांच्यात एकाच वेळी तीन प्लाझ्मिड घालायचे, एकात आपलं जनुक, एकात व्हायरसचं कवच बनवायच्या सूचना, एकात मदतनीस जनुकं. आणि हे तीन प्लाझ्मिड पेशीत घालतं कोण, तर बऱ्याच ठिकाणी पीईआय. स्वस्त, मिळायला सोपं, आणि या कामासाठी खास शुद्ध ग्रेड विकत मिळते.

आणि इथे ते मारतं त्याचं काय? काही नाही! पेशींनी दोन-तीन दिवस जगून व्हायरस बनवला की आम्ही स्वतःच त्या फोडतो आणि व्हायरस बाहेर काढतो. ज्या दोषापायी पीईआय माणसाच्या दाराशी अडलं तो दोष टाकीत दोषच राहत नाही, फक्त शेवटी औषधात पीईआय उरलं नाही ना हे तपासायचं. मला हे कळायला थीसिस संपून नोकरी लागावी लागली, की आम्ही सगळे "चांगला पॉलिमर कोणता" विचारत होतो, आणि प्रश्न कुठे वापरायचा हा होता.

अर्थात टाकीत सुख आहे असं नाही. फ्लास्कमध्ये प्लाझ्मिड आणि पीईआय मिसळून दहा मिनिटांनी ओतलं, झालं. 200 लिटरच्या बायोरिअॅक्टरला तेच मिश्रण कित्येक लिटर होतं, ते एकसारखं मिसळायला वेळ, पंपाने टाकीत जायला वेळ, आणि तोवर कण मोठे होत राहतात, शंभर नॅनोमीटरचे होता होता मायक्रोमीटरकडे जायला लागतात, मग व्हायरसचा उतारा कमी होतो. पहिल्या मिनिटाला आत गेलेलं मिश्रण आणि शेवटच्या मिनिटाला गेलेलं मिश्रण ही दोन वेगळी रसायनं असतात. त्यात लाइट गेली, जनरेटर पकडेपर्यंत पंप थांबला, की त्या दिवशी कोणी कोणाशी बोलत नाही. शिवाय ज्या पेशीत तीन प्लाझ्मिड नीट गेले नाहीत तिथे रिकामी कवचं तयार होतात, जनुक नसलेली, ती वेगळी काढायला पुढे अजून खर्च. या औषधांच्या भयंकर किमतीला बरीच कारणं आहेत, पण त्यातलं एक या टाकीत आहे, आणि ते पॉलिमर केमिस्टने सोडवायचं काम आहे, बायोलॉजिस्टने नाही. आमच्याकडे मात्र जाहिरात निघते ती बायोटेकवाल्यांसाठी.

म्हणजे पॉलिमरने व्हायरसची सेवा करत बसावं का, तर तसंही नाही. एएव्हीमध्ये साधारण 4700 बेसच मावतात, ड्युशेनच्या स्नायू झिजवणाऱ्या आजारात लागणारं डिस्ट्रोफिनचं जनुक कोडिंगचा भाग धरला तरी 11000 च्या वर जातं, म्हणून त्याची कापून छोटी केलेली आवृत्ती द्यावी लागते, आणि तीसुद्धा इतक्या मोठ्या डोसमध्ये की 2025 मध्ये ते औषध घेतलेली दोन किशोरवयीन मुलं यकृत निकामी होऊन दगावली. आणि एकदा एएव्ही दिला की शरीरात अँटीबॉडी तयार होतात, दुसरा डोस बहुतेक देताच येत नाही. फिलाडेल्फियात 1999 मध्ये जेसी गेल्सिंगर हा 18 वर्षांचा मुलगा व्हायरसमधून दिलेल्या जनुकाच्या चाचणीत दगावला, त्याला अमोनियाचा निचरा न होणारा यकृताचा आजार होता. त्याच शहरात 2025 मध्ये तशाच, युरिया सायकलच्याच (अमोनियाचा निचरा करणाऱ्या साखळीच्याच) एका दोषाच्या बाळाला खास त्याच्यापुरतं बनवलेलं जनुक-दुरुस्तीचं औषध दिलं गेलं, लिपिडमधून, आणि एक नाही तर तीन डोस. व्हायरस असता तर दुसऱ्याच डोसला अडलं असतं. ही दोन उदाहरणं शेजारी ठेवली की मला वाहकाचं महत्त्व वेगळं समजवायला लागत नाही.

फक्त लिपिडला यकृत फार आवडतं. रक्तात गेलं की त्याच्यावर एपीओई नावाचा प्रोटीन चिकटतो आणि यकृत ते ओढून घेतं. यकृताचे आजार असतील तर उत्तम, पण आपल्याकडे नंदुरबार, गडचिरोलीकडे सिकलसेल आहे, तिथे जायचंय अस्थिमज्जेत. 2023 मध्ये मंजूर झालेली सिकलसेलची क्रिस्पर (जनुक कापून बदलणारी) थेरपी काय करते, तर पेशी बाहेर काढून त्यांना विजेचा झटका देऊन आत औषध घालते आणि पेशी परत देण्याआधी पेशंटला जबरदस्त केमो देते. धडगावच्या पेशंटला हे कुठे आणि कसं देणार तुम्ही? तिथे एक साधं सलाइनमधून जाणारं, मज्जेत पोचणारं काहीतरी लागेल, आणि फुप्फुसासाठी वाफेतून घ्यायचं काहीतरी. पॉलिमरच्या साखळीवर काय काय लटकवता येतं, किती बदल करता येतात, यात लिपिड त्याच्या जवळपास पण नाही. उंदरांना पॉलि बीटा-अमिनो एस्टरमधून एमआरएनए हुंगवून फुप्फुसात प्रोटीन बनवून झालंय 2019 मध्येच. मिनिटा-मिनिटाला कोल्डचेनची चिंता नको हे पण बघायला लागेल, आणि त्याबाबतीत हिंजवडीच्या जेनोव्हाने एमआरएनएची लस पावडर करून 2 ते 8 डिग्रीला ठेवता येईल अशी केली, हे आपल्या गावात झालंय याचं पुणेकर पुरेसं मिरवत नाहीत याचं मला आश्चर्यच वाटतं, एरवी मिसळीवर तासभर बोलतात.

जाता जाता, बऱ्याच एम.एस्सी.च्या मुलामुलींचे मेसेज येतात की प्रोजेक्टला कोणता पॉलिमर घेऊ. कायटोसान घेऊ नका एवढंच सांगते, स्वस्त आहे म्हणून सगळे घेतात आणि न्यूट्रल पीएचला ते विरघळत नाही म्हणून महिने घालवतात. सरळ साखळीचं पीईआय घ्या, सेल लाइन गणेशखिंडीच्या एनसीसीएसकडून (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडून) नीट कागदपत्रं करून मागवा, मित्राच्या फ्रीजरमधली घेऊ नका. एमटीटी आणि जीएफपी एकाच दिवशी, एकाच पॅसेजच्या, म्हणजे एकाच पिढीच्या, पेशींवर लावा. आणि मोकळा पॉलिमर काढून एक प्लेट, न काढता एक प्लेट, अशा दोन्ही करा. पेपरमध्ये बरेच जण दुसरीच दाखवतात.